समासातला बाण

"सुतार, तुमचा फॉर्म परत," असं म्हणत कॉलेजच्या ऑफिसातल्या शिरगुप्पे भाऊसाहेबांनी माझा कागद खिडकीतून बाहेर सरकवला. "तुम्ही पहिल्या वर्षाला."

"भाऊसाहेब, मी तिसऱ्या वर्षाला आहे."

"होता. काल दुपारी चारपर्यंत. चार वाजता तक्ता लागला. तक्ता बघा."

माझ्या मागे अस्लम मुजावर उभा होता. त्याचाही फॉर्म परत आला. त्याच्या मागच्या पाच जणांचेही आले. आम्ही सात जण म्हणजे कॉलेजातले डिप्लोमावाले. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला की इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत असे. पहिल्या वर्षाचं तोंडही न बघता आम्ही दुसऱ्या वर्षात घुसलो होतो आणि एकदाचे पासही झालो होतो. त्यामुळे पहिल्या वर्षाची पोरं आमच्याकडे जरा आदराने बघत. तो आदर आता संपणार अशी चिन्हं दिसत होती.

ही १९९१ च्या जुलैतली गोष्ट. आमचं कॉलेज इचलकरंजीपासून दहा मैलांवर, एका उघड्याबोडक्या टेकडीवर. त्या वर्षी विद्यापीठाने कॉलेजला आपला अभ्यासक्रम आपण आखायची मुभा दिली आणि मंडळींना भलताच हुरूप चढला. इलेक्ट्रिकलचे विभागप्रमुख मिराशी सर यांनी पाच प्राध्यापकांची समिती नेमली. कुठल्या विषयाआधी कुठलं गणित झालंच पाहिजे, ते समितीने ठरवलं. मग गणिताच्या हेरवाडे सरांकडून, त्यांचं अक्षर मोत्यासारखं म्हणून, भल्यामोठ्या ड्रॉइंग शीटवर तो तक्ता काढून घेतला.

तक्ता खरंच देखणा होता. विषयांचे चौकोन, चौकोनातून चौकोनात जाणारे बाण, चारी बाजूंनी समासाची झोकदार रेघ. खाली पाच सह्या आणि टाइप करून चिकटवलेली पट्टी: 'बाणाच्या शेपटीकडील विषय उत्तीर्ण झाल्याखेरीज टोकाकडील विषयाच्या तासास बसता येणार नाही. अपवाद नाही.'

पहिल्या वर्षाची गणितं दोन, एम-वन आणि एम-टू. त्यांच्यातून बाण निघून एम-थ्रीत जात होता, तिथून नेटवर्क, मग मोटरींचं मशीन्स-वन, आणि मशीन्स-वनमधून तिसऱ्या वर्षाच्या साऱ्या भारदस्त विषयांकडे. आमची एम-वन, एम-टू कधी झालेलीच नव्हती. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून एक अख्खं वर्ष काढायचं आणि मग तिसऱ्या वर्षाला यायचं.

"एक वर्ष गेलं की गं," अस्लम म्हणाला.

बाकीच्यांचं वर्ष गेलं असतं तर ते हळहळले असते, एवढंच. माझं वर्ष जाणं वेगळं होतं. आमचं यंत्रमागांच्या मोटरी बांधायचं दुकान होतं, आणि आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्यांचा पडदा निकामी होत चालला होता. तार किती जाडीची ते त्यांना बोटांनी कळे, पण ती मोटरीच्या खाचेत घालताना हात चुकू लागला होता. "दोन वर्षं वडतो मी कसंबसं. मग तू बघ," असं ते म्हणाले होते. दोन म्हणजे दोन. तिसरं वर्ष त्यांच्या डोळ्यांत नव्हतं.

आणि ते नुसतं बोलून थांबले नव्हते. पेंटरला बोलावून त्यांनी पाटीही रंगवून घेतली होती: 'सुतार इलेक्ट्रिकल्स. प्रो. इंदुमती आण्णाप्पा सुतार, बी.ई.' मी डिप्लोमा पास झाले त्याच आठवड्यात! तेव्हापासून ती पाटी दुकानात भिंतीकडे तोंड करून उभी होती, शिक्षा झालेल्या पोरासारखी.

मी तडक मिराशी सरांकडे गेले.

"सर, आम्ही एम-थ्री पास झालोय. मग आता एम-वन कशाला?"

"एम-थ्रीत किती मार्क?"

"चाळीस."

"पासिंग किती?"

"चाळीस."

सर हसले. चिडके नव्हते ते, हेच वाईट होतं. "बरं, मला सांग, आपण लाप्लास कशासाठी वापरतो?"

मी एम-थ्रीतल्या लाप्लास रूपांतराचं कोष्टक घडाघडा म्हणून दाखवलं. वरून खाली.

"मी 'कशासाठी' विचारलं."

मी कोष्टक पुन्हा म्हटलं, खालून वर. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"सर, मला मोटर बांधता येते," मी म्हणाले. "पाच हॉर्सपॉवरची, तीन फेजची. डोळे मिटून बांधते."

"माहितेय. डोळे मिटूनच बांधतेस, हेच तर माझं म्हणणं आहे." त्यांनी बॅग उचलली. "मला उद्या पुण्याला एका परिषदेला जायचंय. मंगळवारी येईन. तोवर एम-वनच्या तासाला बसायला लाग. नियमाला अपवाद नाही."

मला असा काही राग आला की विचारू नका. मी तरातरा तक्त्यापाशी गेले, वहीचं मधलं पान फाडलं आणि तो तक्ता जसाच्या तसा उतरवून घेतला. ते शहाणपण नव्हतं, ती सवय होती. जळलेली मोटर दुकानात आली की जुन्या तारा कापून फेकण्याआधी त्यांचा नकाशा उतरवून घ्यायचा, नाहीतर नव्या तारा कशा घालायच्या ते कोण सांगणार? जे दिसेल ते उतरवायचं, शोभेचं वाटलं तरी. म्हणून मी समासाची रेघसुद्धा उतरवली.

संध्याकाळी दुकानात आण्णांना सगळं सांगितलं. ते वार्निशचा डबा ढवळत होते. ढवळायचे थांबले, पण 'अरेरे' म्हणाले नाहीत.

"नकाशा उतरवलायस न्हवं? मग वाच. बोट ठेव पहिल्या डब्यावर."

"आण्णा, ही काय मोटर आहे?"

"तारा हायत, डबे हायत, जोडण्या हायत. अजून काय पायजे? बोट ठेव. आणि शेवट आल्याबिगर बोट उचलायचं न्हाई."

हे त्यांचं नेहमीचं. लहानपणापासून मी हेच ऐकत आले होते. मी एम-वनवर बोट ठेवलं. एम-टू. एम-थ्री. नेटवर्क. प्रत्येक डब्यापाशी आण्णा विचारत, "आत किती, भायेर किती?" आणि मी मोजून सांगे. मशीन्स-वनशी आले.

"आत एक. बाहेर दोन. एक मशीन्स-टूला, एक फील्डच्या विषयाला."

"नीट मोज."

"दोनच आहेत. तिसरी ती समासाची रेघ आहे, कडेची."

"समास डब्यातनं कशाला निघंल?"

मी दिव्याखाली कागद धरला. समासाची रेघ मशीन्स-वनच्या चौकोनातून निघत होती. उजव्या कडेने खाली, तळाच्या कडेने डावीकडे, डाव्या कडेने वर... मी बोट उचललं नाही. रेघ सगळ्या कागदाला वळसा घालून पुन्हा पहिल्या चौकोनाशी आली आणि तिथे मुंगीच्या डोक्याएवढं बाणाचं टोक होतं. मी ते ठिपका समजून उतरवलं होतं.

"आण्णा, ही एम-वनमध्ये शिरते."

"म्हंजे जितनं निघालीस तितंच आलीस." आण्णांनी डबा खाली ठेवला आणि खदखदा हसले. "शॉर्ट हाय की गं! तुमच्या मास्तरांचा आख्खा तक्ता शॉर्ट हाय!"

कॉइलचं शेवटचं टोक तिच्याच पहिल्या टोकाला जोडलं तर ती कॉइल आतल्या आत फिरत राहते, तापते आणि जळते. इथे एम-वनला बसायचं तर आधी मशीन्स-वन पास हवं होतं, आणि मशीन्स-वनला जायचं तर एम-वनपासून सुरुवात करायला हवी होती. या तक्त्याने जन्मात कोणी इंजिनियर झालं नसतं.

मी तेव्हाच मुख्याध्यापकांकडे तक्रार करणाऱ्या मुलीसारखी धावत सुटले असते, तर बाण खोडला गेला असता आणि मी पहिल्या वर्षात बसले असते. पण अस्लम खोडसाळ होता, आणि मी त्याच्याहून. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसून आम्ही विचार केला, की या तक्त्याप्रमाणे आज एम-वनच्या तासाला बसायला लायक कोण? पहिल्या वर्षाची पोरं नाहीत, त्यांचं मशीन्स-वन कुठे झालंय! वरच्या वर्गातल्यांचं एम-वन कधीच होऊन गेलेलं. मशीन्स-वन पास आणि एम-वन बाकी, असे अख्ख्या कॉलेजात फक्त सातच जण. मशीन्समध्ये तर आम्ही वाघ होतो.

अस्लमचे चुलते तहसील कचेरीत होते, त्यामुळे सरकारी मराठी त्याच्या घरचंच. त्याने अर्ज लिहिला: 'आम्ही खाली सह्या करणारे सात विद्यार्थी तक्त्याचा आदर राखून प्रथम वर्ष गणिताच्या तासास बसण्यास आनंदाने तयार आहोत. तथापि, त्याच तक्त्यानुसार मशीन्स-वन उत्तीर्ण नसलेल्या कोणासही सदर तासास बसू देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती. अपवाद नसावा.'

शिरगुप्पे भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग फूटपट्टी घेऊन खिडकीमागून बाहेर आले. तक्त्यासमोर उभं राहून त्यांनी समासाच्या रेघेवरून फूटपट्टी फिरवली, खाली वाकले, डावीकडे सरकले, पुन्हा ताठ झाले. टोकाशी चष्मा काढून पुसला.

"बाण आहे," ते म्हणाले.

"आहे," मी म्हणाले.

"पाच सह्या आहेत."

"आहेत."

"मिराशी सर मंगळवारी येणार. प्राचार्यही त्यांच्याबरोबर पुण्याला गेलेत."

"मग तोवर नियम बाजूला ठेवायचा का, भाऊसाहेब? तुम्ही म्हणाल तसं."

हे म्हणायला नको होतं खरं तर, फार लागलं त्यांना. भाऊसाहेब असे गृहस्थ, की छत्री उघडायचा लेखी आदेश नसेल तर पावसात उभे राहतील. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि टाइपरायटरवर कागद चढवला. साठ पोरांची नावं त्यांनी एकट्याने टाइप केली, खाली 'एम-वनच्या तासास अपात्र' असं लिहिलं आणि गोल शिक्का मारला.

सोमवारी सकाळी आठला पहिल्या वर्षाच्या दारावर ती नोटीस होती. पोरांनी ती वाचली. मग जो आरडाओरडा झाला तो टेकडीखालच्या एस. टी. थांब्यापर्यंत गेला असेल. गणितातून अशी सरकारी शिक्क्यानिशी सुटका कुणाच्या नशिबी येते? पाच मिनिटांत वर्ग रिकामा झाला. त्या साठांत मिराशी सरांची मुलगी केतकीही होती. ती तडक घरी गेली आणि आईला म्हणाली, "मशीन्स-वन पास होईपर्यंत सुट्टी आहे." मिराशी वहिनींनी पुण्याच्या अतिथिगृहात ट्रंककॉल लावला.

वर्गात पहिल्या दोन बाकांवर आम्ही सात घोडे बसलो होतो. हेरवाडे सर आले. साठीला टेकलेले, किडकिडीत, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. इंजिनियरिंग कॉलेजात गणिताचा मास्तर म्हणजे लग्नातला फोटोवाला. सगळ्यांना लागतो, पंगतीत कुणी बोलावत नाही. त्यांनी दारावरची नोटीस वाचली, रिकामे बाक पाहिले, आमच्याकडे पाहिलं.

"हा बाण कुणाला दिसला?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मैत्री म्हणतात ती हीच.

"हं. शिकवू का मग?"

"नको सर," मी म्हणाले. "आम्ही फक्त नियम पाळायला आलोय."

"उत्तम," असं म्हणून त्यांनी मस्टर उघडलं, काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि तास संपेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले. पोरं खाली मैदानात क्रिकेट खेळत होती.

मंगळवारी सकाळी मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. प्राचार्य इनामदार टेबलामागे, मिराशी सर प्रवासाच्या चुरगळलेल्या कपड्यांत, हेरवाडे सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर, आणि तक्त्याची गुंडाळी छातीशी धरलेले भाऊसाहेब.

"मिराशी, हा बाण खरा आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"चुकून पडलाय सर. खोडून टाकू. दोन मिनिटांचं काम आहे."

भाऊसाहेब खाकरले. "खोडता येणार नाही. पाच सह्यांची प्रत विद्यापीठाला गेलेली आहे. दुरुस्ती करायची तर विद्वत्सभेपुढे न्यावी लागेल. सभा डिसेंबरात."

"मग डिसेंबरपर्यंत काय करायचं?"

"एकतर तक्ता पूर्ण लागू करायचा, नाहीतर अजिबात नाही. अर्धा लागू करण्याची तरतूद नाही."

मला भाऊसाहेबांच्या पाया पडावंसं वाटलं.

मिराशी सर हेरवाडे सरांकडे वळले. "अहो, तक्ता तुम्ही काढलात! असा बाण राहिला कसा?"

"मी पक्का करण्याआधी कच्चा दाखवला होता," हेरवाडे सर शांतपणे म्हणाले. "समितीने पाहिला. समास फार छान आहे, म्हणाली."

प्राचार्यांनी रुमाल तोंडाला लावला. मला वाटलं खोकले, पण ते हसत होते. मग मैदानावरून 'आउट, आउट' असा गलका वर आला आणि त्यांचं हसू मावळलं. "तक्ता उतरवा," ते म्हणाले. "या वर्षी जुन्या पद्धतीने चालू दे. सगळे आपापल्या वर्गात."

"सुतार, हे सगळं तू केलंस?" बाहेर पडताना मिराशी सरांनी विचारलं.

"मी फक्त वाचला सर."

हेरवाडे सर माझ्या शेजारून जाताना एवढंच म्हणाले, "जिंकलीस. बस जा तिसऱ्या वर्षाला."

त्या संध्याकाळी आण्णांनी अर्धा किलो जिलेबी आणली आणि चाचपडत जाऊन पाटी सरळ केली. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल अशी. बी.ई. व्हायला अजून दोन वर्षं होती, पण त्या दिवशी तेवढा तपशील कोण बघतो?

बुधवारी फील्डचा पहिला तास झाला. मिराशी सरांचाच. त्यांनी माझ्यावर डूख धरला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. पण सर मनापासून शिकवत होते. मोटरीतल्या पोकळीत चुंबकाचं बळ कसं फिरतं, ते सांगत होते. फळ्यावर एक उलटा त्रिकोण काढला, त्याच्यापुढे फुली, पुढे अक्षरं. माझ्या आजूबाजूच्या मुलांनी माना हलवल्या आणि पुढची ओळ सर लिहायच्या आधीच लिहिली. मी आणि अस्लमने एकमेकांकडे बघितलं.

"सुतार, समजलं ना?" सरांनी विचारलं.

"हो सर."

माझ्याच मोटरीबद्दल बोलणं चाललं होतं, एवढं मला कळत होतं. माझ्या मोटरीबद्दल, आणि माझ्याखेरीज सगळ्यांना कळत होतं. आयुष्यात एवढी एकटी मी कधी पडले नव्हते.

"पाठ करू. एम-थ्री नाही का केलं?" अस्लम म्हणाला. गुरुवारी मी पाठ करून बघितलं. कोष्टक पाठ होतं, पण त्या त्रिकोणाला कोष्टकच नव्हतं.

शनिवारी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. रंगनाथ म्हणून एक यंत्रमागवाले होते, पाटी वाचून मोठ्याने हसले. "इंजिनियर बाई! बरं झालं. ही मोटर दोनदा बांधली तुमच्याकडं, दोनदा तापली. का तापती सांगा."

मी हात फिरवून दोन मिनिटांत कुठली कॉइल जळालीय ते सांगितलं.

"कुठली ते आण्णाबी सांगत्यात. मी 'का' इचारलं."

मला सांगता आलं नाही. आण्णा मान वळवून माझ्या उत्तराची वाट बघत होते, अंधुक डोळे माझ्या आवाजाच्या दिशेला लावून. मी म्हटलं, सोमवारी सांगते. गिऱ्हाईक गेलं. मी बाहेर जाऊन पाटी उचलली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवली.

फरशीवर पाटी घासल्याचा आवाज आण्णांनी ऐकला. "का गं?"

"रंग ओला आहे अजून."

"वर्ष झालं रंगवून."

"तरी ओलाच आहे, आण्णा."

ते पुन्हा वार्निश ढवळू लागले. खरं सांगते, त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी चाळीस मार्कांनीही वाटली नव्हती. एवढी अक्कल लढवून मी काय मिळवलं होतं, तर न समजणाऱ्या तासाला बसायचा हक्क.

सोमवारी आठ वाजता मी पहिल्या वर्षाच्या वर्गात गेले. या वेळी शेवटच्या बाकावर, ओढणी कपाळापर्यंत ओढून. पोरांनी ओळखलंच. "ताई, आज पण सुट्टी?" असं चारदा विचारून झालं. हेरवाडे सर आले, माझ्याकडे न बघता मस्टर उघडलं आणि हजेरी घेऊ लागले. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ, केतकी मिराशीची कुणी मैत्रीण. मी वही उघडायला घेतली.

"एकसष्ट. सुतार इंदुमती."

मी उभी राहिले आणि 'हजर' म्हणाले.

तास संपल्यावर मी टेबलाशी गेले. मस्टर उघडंच होतं. साठाव्या नावाखाली, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, शाईने, माझं नाव होतं. गेल्या सोमवारी हजर. मंगळवार ते शनिवार गैरहजर. आज हजर.

"सर, हे तुम्ही त्याच दिवशी लिहिलंत?"

"तू म्हणालीस ना, नियम पाळायला आलोय."

"आणि मी परत आले नसते तर?"

"तर गैरहजर लागली असती. मस्टरला काय त्याचं?" त्यांनी पेन खिशाला लावलं. "तुझा एम-थ्रीचा पेपर मी तपासला होता. एकही आकडा चुकलेला नव्हता आणि एकाही आकड्याला अर्थ नव्हता. एवढं पाठांतर मी दुसरं पाहिलं नाही. पस्तीस होत होते. पाच माझ्या खिशातले."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. तरी विचारलंच. "सर, तो समासातला बाण... चुकून राहिला होता ना?"

"मुली, मी तेहतीस वर्षं गणित शिकवतोय. रेघ कुठे जाते ते मला कळत नसेल?" पहिल्यांदाच ते हसले. "समितीत मी म्हटलं होतं, गणितातून मशीनकडे बाण काढता तसा मशीनकडून गणिताकडेही एक काढा. ज्यानं कधी तार हातात घेतली नाही, त्याला हे सगळं मी कशासाठी शिकवतोय ते कळत नाही. तोही पाठच करतो, तुझ्यासारखाच. फक्त त्याला ऐंशी पडतात. सगळे हसले. म्हणाले, हेरवाडे, तुम्ही फक्त तक्ता काढा. मी काढला."

"म्हणजे मुद्दाम?"

"खरा होता तो बाण. म्हणून काढला. कुणी वाचेल असं मात्र वाटलं नव्हतं." मस्टर काखेत मारून ते निघाले, दारात थांबले. "उद्या येताना दुकानातून एखादी कॉइल घेऊन ये. जळकी चालेल."

मंगळवारी मी रंगनाथांच्याच मोटरीची जळकी कॉइल आण्णांच्या पिशवीतून नेली. अस्लमला कळलं, तोही आला, मग उरलेले पाच जण. हेरवाडे सरांनी कॉइल हातात घेतली, उलटसुलट केली, टेबलावर ठेवली, आणि खडू माझ्यासमोर धरला.

"आजचा तास सुतार घेतील," ते वर्गाला म्हणाले. "आधी मशीन, मग गणित. तक्त्यात होतं तसं."

सदुसष्ट चेहरे माझ्याकडे बघत होते. केतकी मिराशी पहिल्या बाकावर, पेन सरसावून. मी ती कॉइल उचलून केतकीच्या पुढ्यात ठेवली, आणि माझ्या तोंडून जे वाक्य निघालं तेच मी आज दुकान सांभाळून, आठवड्याचे दोन तास त्याच कॉलेजात शिकवायला जाते, तेव्हा दर जुलैत पहिल्या दिवशी म्हणते.

"बोट ठेव," मी म्हटलं. "आणि शेवट आल्याशिवाय उचलू नकोस."